‘ठाऊक नाहीं’ म्हणण्याचा अधिकार

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. टर्म सुरू होऊन पंधरवडा झाला होता. दुपारचे तास आटोपून आम्ही प्राध्यापक-कक्षांत बसलों होतों, तों आमच्या विभागांत नुकतेच रुजू झालेले एक तरुण सहकारी जवळ येऊन बसले. पीएच. डी. चा प्रबंध दोन वर्षांपूर्वीं पुरा झालेला, सेटची परीक्षा त्याच्याहि आधीं उत्तीर्ण; परंतु कायमची जागा रिकामी नसल्यामुळें त्यांची नेमणूक तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास घ्यावे तितक्यांचेंच मानधन मिळावें, अशा रीतीनें झालेली. थोडा वेळ इकडचें तिकडचें बोलणें झाल्यावर त्यांनीं विचारलें, “सर, वर्गांत एखाद्या विद्यार्थ्यानें असा प्रश्न विचारला कीं ज्याचें उत्तर आपणांस ठाऊक नाहीं, तर काय करावें?”

असला प्रश्न वडीलधाऱ्या माणसाला फार आवडतो; कारण त्याचें उत्तर तोंडपाठ असतें. आम्ही म्हणालों, “अहो, त्यांत काय आहे? ‘पाहून उद्यां सांगतों’ म्हणावें. त्यानें विद्यार्थ्यांच्या मनांतला आपला मान कमी होत नाहीं, उलट वाढतो.” ते किंचित् हंसले आणि म्हणाले, “सर, तुम्हांला ‘उद्यां’ आहे. पुढच्या टर्मला मला तास मिळतील कीं नाहीं, हेंच मला ठाऊक नसतें.”

एवढें बोलून ते आपल्या तासाला निघून गेले. त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, तक्रारहि नव्हती. पण आमचें उत्तर मात्र त्यानंतर आमच्याच गळीं उतरेना. सत्य बोलावें, आपल्याला जें येत नाहीं तें येत नाहीं म्हणून सांगावें, हा उपदेश आम्ही ज्या सहजतेनें केला, ती सहजता कोठून आली होती? आमच्या सत्यनिष्ठेंतून कीं आमच्या कायम नोकरींतून? हाच प्रश्न आज वाचकांपुढें मांडावा असें वाटतें.

नव्या प्राध्यापकाच्या अडचणींची यादी करावयाची म्हटली तर ती कोणीहि करूं शकेल. मिळकत तुटपुंजी, तास पुष्कळ, घर दूर, परीक्षेचे कागद ढीगभर, आणि वर ‘यंदा शोधनिबंध किती प्रसिद्ध झाले?’ हा वार्षिक सवाल. ह्या सर्व अडचणी खऱ्या आहेत; त्यांची वाच्यता सभासंमेलनांतून होते, आणि ती व्हावयासहि पाहिजे. परंतु ह्या सर्वांच्या तळाशीं एक निराळी अडचण आहे, तिची वाच्यता कोणी करीत नाहीं. कारण ती बोलून दाखविणें हीच ती अडचण आहे. ती म्हणजे आपल्या अज्ञानाची. नवा प्राध्यापक जेवढें शिकवितो त्यांतला बराच भाग त्याला स्वतःला नवा असतो. वर्गांतल्या पन्नास-साठ मुलांच्या पुढें तो एकच पाऊल असतो, आणि कधीं कधीं तेंहि नसतें.

ह्यांत त्याचा आळस नसतो, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. पीएच. डी. चा अभ्यास म्हणजे विहीर खणण्याचें काम आहे. चार-पांच वर्षें माणूस एकाच जागीं खालीं खालीं जातो, आणि पाणी लागलें कीं वर येतो. वर आल्यावर त्याला सांगण्यांत येतें कीं, आतां सारें शेत भिजव. ज्यानें कांटच्या नीतिशास्त्रावर प्रबंध लिहिला, त्याच्या वाट्याला पहिल्या वर्षीं तर्कशास्त्र, समाजमानसशास्त्र आणि पर्यावरणाचा पेपर येतो. असें कां होतें? विषयांची वांटणी करतांना जुने लोक आपापले मुरलेले विषय ठेवून घेतात, आणि उरतील ते नव्याच्या पदरांत पडतात. तासांचा हिशेबहि असाच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकानें आठवड्याला १६ तास आणि त्याच्या वरच्या दोन पायऱ्यांवरील प्राध्यापकांनीं १४ तास प्रत्यक्ष अध्यापन करावें असें म्हटलें आहे. वरच्यांवर इतर जबाबदाऱ्या असतात, हें खरें. पण ज्याची तयारी सर्वांत थोडी त्याला तास सर्वांत अधिक, हा त्या नियमाचा परिणाम टळत नाहीं. आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकाचें तर पोटच तासांवर असल्यामुळें, मिळेल तो विषय आणि मिळेल तो तास ‘येतो’ म्हणून घेणें त्याला भागच पडतें. ‘हा विषय मला येत नाहीं’ असें पहिल्याच दिवशीं म्हणणारा माणूस पहिल्याच दिवशीं घरीं जाईल.

येथें आमची स्वतःची एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. सुमारें सत्तावीस वर्षांपूर्वीं आम्ही एका कॉलेजांत नवे होतों. आमचा अभ्यास नीतिशास्त्राचा. वाट्याला आलें तर्कशास्त्र. रात्रीं दोन वाजेपर्यंत पाठ्यपुस्तक वाचावें आणि सकाळीं तेंच वर्गांत सांगावें, असा क्रम चालला होता. एके दिवशीं आम्ही शिकवीत होतों कीं, ‘सर्व माणसें मर्त्य आहेत’ हें खरें असेल तर ‘कांहीं माणसें मर्त्य आहेत’ हेंहि खरें असलेंच पाहिजे. मागच्या बांकावरून एक मुलगा उठला. खेड्यांतून आलेला, बोलतांना अडखळणारा. तो म्हणाला, “सर, ‘सर्व भुतें पांढरीं असतात’ असें म्हटलें, तर ‘कांहीं भुतें पांढरीं असतात’ हेंहि खरें होईल. पण भुतें नाहींतच. मग ‘कांहीं भुतें आहेत आणि तीं पांढरीं आहेत’ हें खरें कसें?”

त्या प्रश्नाचें उत्तर आम्हांला ठाऊक नव्हतें. प्रश्न आहे हेंच मुळीं ठाऊक नव्हतें. आम्ही काय केलें? आम्ही हंसलों, आणि म्हणालों, “हा तर्कशास्त्राचा तास आहे, भुतांच्या गोष्टींचा नव्हे. पुस्तकांत नियम दिला आहे, तो नीट वाचा.” सारा वर्ग हंसला. मुलगा खालीं बसला, तो पुन्हां वर्षभर उठला नाहीं. दुसऱ्या वर्षीं त्यानें आमचा विषयहि सोडला.

पुढें कांहीं महिन्यांनीं आमच्या वाचनांत आलें कीं, त्या मुलानें बोट ठेवलें होतें तें तर्कशास्त्राच्या इतिहासांतील एका मोठ्या वादावरच. आरिस्टॉटलच्या परंपरेंत ‘सर्व’ वरून ‘कांहीं’ हें अनुमान बिनदिक्कत करतात; परंतु एकोणिसाव्या शतकांत बूल, व्हेन आदि पंडितांनीं तर्कशास्त्राची जी नवी मांडणी केली तींत हें अनुमान चालत नाहीं. ‘सर्व भुतें पांढरीं असतात’ ह्याचा अर्थ त्यांच्या मतें एवढाच कीं, पांढरें नसलेलें असें एकहि भूत नाहीं. भूत आहे असा दावा त्या विधानांत नसतोच. ‘कांहीं भुतें’ म्हटलें कीं मात्र तो दावा येतो. ज्या ठिकाणीं विद्वानांना थांबावें लागलें, त्याच ठिकाणीं तो मुलगा कोणाच्या मदतीशिवाय येऊन थांबला होता. आणि आम्ही त्याला हंसून खालीं बसविलें होतें. हें कळल्यावर तरी आम्हीं वर्गांत जाऊन चूक दुरुस्त केली काय? नाहीं. आमची नोकरी तेव्हां तात्पुरती होती, वर्षअखेर जवळ आली होती, आणि प्राचार्यांच्या कानावर कांहीं जाऊं नये असें आम्हांला वाटत होतें.

ह्या गोष्टींत दोष कशाचा? अज्ञानाचा खासच नव्हे. सर्वज्ञ प्राध्यापक कोणींहि पाहिला नाहीं. दोष सोंगाचा आहे. चुकीचें उत्तर दिलें तर विद्यार्थ्याचें एका प्रश्नापुरतें नुकसान होतें, आणि तें पुढें एखाद्या पुस्तकानें भरूनहि निघतें. पण प्रश्नच मूर्खपणाचा ठरविला, तर विद्यार्थ्याचा स्वतःच्या बुद्धीवरील विश्वास जातो, आणि तो कोणत्याच पुस्तकांत परत मिळत नाहीं. दुसरें नुकसान वर्गाचें. विचारणाराची फजिती होते हें एकदां पाहिलें कीं साठ मुलें एकदम शहाणीं होतात, आणि वर्षभर गप्प बसतात. आणि तिसरें नुकसान खुद्द अध्यापकाचें. आज एक अज्ञान झांकलें कीं तें उघडें पडूं नये म्हणून उद्यां दुसरें झांकावें लागतें. असें करतां करतां झांकण्याचें कौशल्यच त्याची विद्या होऊन बसते.

ह्यावर दुसऱ्या बाजूचें म्हणणेंहि ऐकलें पाहिजे. झांकली मूठ सव्वा लाखाची, असें आमच्या एका वृद्ध गुरुजनांचें मत होतें. ते म्हणत, रोग्यापुढें वैद्यानें, नावेंत नावाड्यानें आणि वर्गांत मास्तरानें चेहरा उतरूं देऊं नये. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. रोज उठून ‘मला कांहीं येत नाहीं हो’ असें रडगाणें गाणारा अध्यापक विद्यार्थ्यांना नको असतो, आणि त्यांचें तें नको असणें रास्त आहे. परंतु चेहरा न उतरूं देणें ही एक गोष्ट आहे आणि खोटें औषध देणें ही दुसरी. चांगला वैद्य रोग ओळखतां आला नाहीं तर शांतपणें दुसऱ्या वैद्याकडे चिठ्ठी देतो. धीर आणि सोंग हीं दुरून सारखीं दिसतात. जवळून पाहिलें म्हणजे समजतें कीं, धीर दुसऱ्यासाठीं असतो आणि सोंग स्वतःसाठीं.

आमच्या परंपरेंत तर ह्या बाबतींत आदर्श अगदीं स्पष्ट आहे. प्रश्नोपनिषदांत सुकेशा भारद्वाज सांगतो कीं, कोसल देशचा राजपुत्र हिरण्यनाभ त्याच्याकडे आला आणि त्यानें सोळा कलांच्या पुरुषाविषयीं विचारलें. सुकेशानें उत्तर दिलें कीं, हें मला ठाऊक नाहीं. ठाऊक असतें तर सांगितलें नसतें काय? आणि वर असेंहि म्हटलें कीं, जो असत्य बोलतो तो मुळासकट वाळतो. राजपुत्र कांहीं न बोलतां रथांत बसून निघून गेला. सुकेशानें मात्र तो प्रश्न सोडून दिला नाहीं. तो काळजांत बाळगून तो पिप्पलादाकडे गेला. छांदोग्यांतली कथा याहून विशेष आहे. पांच मोठे श्रोत्रिय उद्दालक आरुणीकडे वैश्वानर आत्म्याविषयीं विचारावयास येतात. हे विचारतील त्या सर्वांचीं उत्तरें आपल्याला देतां येणार नाहींत, असें आरुणीच्या मनांत येतें. आणि तो त्यांना अश्वपति कैकेय राजाकडे घेऊन जातो. नुसती वाट दाखवून थांबत नाहीं, स्वतःहि शिष्य होऊन त्यांच्याबरोबर जातो.

ह्या कथा आम्ही वर्गांत कित्येक वेळां सांगितल्या आहेत. परंतु त्या दिवशींच्या संभाषणानंतर त्यांतली एक गोष्ट प्रथमच आमच्या लक्षांत आली. आरुणि हा प्रतिष्ठित आचार्य होता. ‘ठाऊक नाहीं’ म्हटल्यानें त्याची चूल विझणार नव्हती. राजपुत्र रागावून रथांत बसून गेला, तरी सुकेशाच्या पुढच्या टर्मचे तास त्याच्या हातीं नव्हते. ज्यांच्या पायाखालीं जमीन भक्कम होती त्यांनीं दाखविलेलें तें धैर्य आहे. ज्याच्या पायाखालची जमीन दर मार्च महिन्यांत काढून घेतली जाते, त्याच्याकडून आपण तेंच धैर्य मागतों. आणि त्यानें तें दाखविलें नाहीं म्हणजे ‘आजकालच्या पोरांत ती निष्ठा राहिली नाहीं’ असें म्हणून मोकळे होतों.

ही स्थिति कांहीं आजची किंवा आमच्याच देशाची नव्हे. कांटसारखा तत्त्वज्ञ १७५५ पासून पंधरा वर्षें केनिग्सबर्ग विद्यापीठांत बिनपगारी अध्यापक होता. व्याख्यानांना येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या फीवर त्याचा निर्वाह चाले, आणि म्हणून तर्कशास्त्रापासून भूगोलापर्यंत नाना विषय त्याला शिकवावे लागत. प्राध्यापकाची जागा त्याला मिळाली ती १७७० सालीं. १९१७ सालीं म्यूनिक येथील आपल्या प्रसिद्ध व्याख्यानांत माक्स वेबरनें तरुणांना बजावलें कीं, विद्येच्या धंद्यांत वर चढणें हें पुष्कळसें नशिबावर असतें. आमच्याकडे पहावें तर गोपाळराव गोखले १८८६ सालीं, विशीच्या उंबरठ्यावर, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. वीस वर्षें पंच्याहत्तर रुपये महिन्यावर काम करण्याची ती प्रतिज्ञा होती. त्यांनींहि गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र असे नाना विषय शिकविले. पगार थोडा आणि विषय पुष्कळ, ही तक्रार त्यांनाहि करतां आली असती. परंतु एक मोठा फरक होता. आजीव सदस्य हा त्या संस्थेचा नोकर नव्हता, चालक होता. संस्थेच्या कारभारांत त्याला मत होतें. तेथें मतभेद झाले नाहींत असें नाहीं. ते इतके झाले कीं टिळक १८९० सालीं बाहेर पडले. पण ते बरोबरीच्यांचे मतभेद होते. तेथील दारिद्र्य स्वतः पत्करलेलें होतें, आणि उद्यांविषयीं धास्ती नव्हती. दारिद्र्यानें माणूस खोटें बोलावयास शिकतोच असें नाहीं. धास्तीनें मात्र लवकर शिकतो.

कोणी म्हणेल, जगदीशचंद्र बोस १८८५ सालीं प्रेसिडेन्सी कॉलेजांत रुजू झाले, आणि हिंदी प्राध्यापकाला युरोपियनापेक्षां कमी पगार हा अन्याय आहे म्हणून तीन वर्षें पगाराला न शिवतां शिकवीत राहिले. तें धैर्य आजच्या तरुणांनीं कां दाखवूं नये? त्याला उत्तर एवढेंच कीं, वीरांच्या चरित्राला आपण नमस्कार करावा, पण त्याचा नियम करूं नये. ज्या संस्थेला आपला साधा व्यवहार चालविण्यासाठीं प्रत्येक टर्मला एकेक जगदीशचंद्र लागतो, त्या संस्थेंतच कांहीं तरी बिघडलेलें आहे.

तर मग नव्या अध्यापकाचें सत्य बोलण्याचें कर्तव्य नाहींसें होतें काय? आमच्या मतें होत नाहीं. मागच्या बांकावरच्या त्या मुलानें आमच्या नोकरीच्या अटी पाहून प्रश्न विचारला नव्हता, आणि त्याचें झालेलें नुकसान आमच्या अडचणीमुळें तिळभरहि कमी झालें नाहीं. कर्तव्य राहतेंच. परंतु एखाद्या कर्तव्याची किंमत एकानेंच भरावयाची आणि त्याचा लाभ सर्वांनीं घ्यावयाचा, ही व्यवस्था न्यायाची नव्हे. वर्गांत सत्य बोललें गेलें तर त्यानें विद्यार्थी सुधारतो, विषय सुधारतो, कॉलेजचें नांव होतें. किंमत मात्र त्या तासिकेवाल्या तरुणाच्या खात्यावर! म्हणून न्यायाचा नियम असा असावा कीं, ज्याला सत्य स्वस्त पडतें त्यानें तें प्रथम बोलावें. ज्यांची जागा कायम, ज्यांचे केस पिकले, ज्यांना आतां गमावण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, अशा आम्हां वडील प्राध्यापकांनीं वर्गांत, सभेंत, परिसंवादांत, उघडपणें आणि वारंवार ‘ठाऊक नाहीं’ म्हणावें. आम्ही तें म्हणूं लागलों कीं तो शब्द अप्रतिष्ठेचा राहणार नाहीं, आणि मग नव्यालाहि तो परवडेल.

पण आम्ही करतों काय? आम्हीच सोंगाचे वस्ताद झालों आहों. २०१० सालच्या नियमांनीं प्राध्यापकाच्या कामाला गुण लावण्याची पद्धति सुरू झाली. अमुक निबंधांना इतके, अमुक परिषदांना इतके. पुढें २०१८ सालीं त्या नियमांत फेरफार झाले, परंतु मोजण्याची संवय अंगांत मुरली ती मुरलीच. ह्या मोजणींत ‘मी यंदा एका प्रश्नापाशीं अडून राहिलों’ ह्या वाक्याला रकाना नाहीं. वास्तविक संशोधनाचा आरंभ ह्याच वाक्यापासून होतो. १८१० सालीं बर्लिनचें विद्यापीठ उभारतांना हुंबोल्टची जी कल्पना होती तिचा गाभाच हा कीं, विद्या ही पुरी झालेली वस्तु नव्हे, ती अजून शोधावयाची आहे, आणि अध्यापक व विद्यार्थी दोघेहि त्या शोधासाठींच तेथें आले आहेत. ही कल्पना आम्ही भाषणांत सांगतों. कॉलेजच्या पायऱ्या चढतांना मात्र ती खालींच ठेवून येतों.

आतां उरलेली कबुली देतों. त्या तरुण सहकाऱ्यांकडे तर्कशास्त्राचा पेपर कोणी दिला होता? विभागप्रमुख ह्या नात्यानें वेळापत्रक आम्हीच आंखलें होतें. तर्कशास्त्राची तयारी फार करावी लागते, मुलांना तें आवडत नाहीं, आणि नवीन माणूस कांहीं बोलत नाहीं. एवढ्या तीन कारणांवर तो पेपर आम्हीं आमच्या वहींतून काढून त्यांच्या वहींत टाकला होता. सत्तावीस वर्षांपूर्वीं आमच्यावर जें गुदरलें, तेंच आम्हीं अगदीं सहज, चहा घेतां घेतां, दुसऱ्यावर आणलें होतें. आणि वर सत्य बोलण्याचा उपदेशहि केला होता.

पुढच्या आठवड्यांत आम्हीं त्यांना त्यांचा नीतिशास्त्राचा पेपर दिला आणि तर्कशास्त्र स्वतःकडे घेतलें. त्यांचे तास कमी होणार नाहींत, एवढी काळजी घेतली. तर्कशास्त्राच्या पहिल्या तासाला वर्गाला त्या मुलाची आणि त्याच्या भुतांची गोष्ट सांगितली. आमचें वागणेंहि सांगितलें. मुलें हंसलीं नाहींत. तास संपल्यावर दोघींनीं येऊन आम्हांला एक प्रश्न विचारला. त्याचें उत्तर आम्हांला आलें नाहीं, आणि तें आम्हीं तसेंच सांगितलें. त्यांतली एक म्हणाली, “मग सर, आपण सगळेच पाहूं या.”

ह्यानें फार कांहीं साधलें असें आम्ही मानीत नाहीं. एका विभागाच्या वेळापत्रकांत एका पेपरची अदलाबदल झाली, एवढेंच. कायम जागा भरणें, तासिकेवरील अध्यापकाला निदान वर्षाची शाश्वति देणें, ह्या गोष्टी आमच्या हातच्या नाहींत. त्या ज्यांच्या हातीं आहेत त्यांच्याकडे त्या मागत राहणें एवढेंच आमच्या हातीं आहे, आणि तेंहि आम्हीं आजवर नीटसें केलेलें नाहीं. परीक्षा संपल्यावर ते सहकारी निरोप घेण्यास आले, तेव्हां त्यांनीं विचारलें, “सर, जूनमध्यें मी इथें असेन का?”

असल्या वेळीं ‘काळजी करूं नका, होईल सगळें’ असें म्हणण्याचा मोह होतो. तो आम्हांलाहि झाला. पण आम्हीं त्यांच्याकडे पाहून सांगितलें, “ठाऊक नाहीं. विचारून पाहतों, आणि जें समजेल तें तुम्हांला कळवितों.”